डावं बटण, उजवं बटण



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी फोन करून तब्येतीची चौकशीही केली. तब्येत ठीक आहे. मी पिनबॉल खेळत होते. :)

हसू नका. दिवाळीला नातू पुण्याहून आला होता, तो परत जाताना त्याचा जुना व्हिडिओ गेम आमच्या टीव्हीला जोडून देऊन गेला. "आजी, दुपारी तुला झोप लागत नाही ना, मग हे खेळ. यात मारामारी नाही, पळापळ नाही. दोनच बटणं." खरंच दोनच. हातातल्या कंट्रोलरवर डझनभराहून जास्त बटणं आहेत, पण पिनबॉलला लागतात ती दोन. डावीकडचं दाबलं की पडद्यावर खाली डावीकडची पाती वर उसळते, उजवीकडचं दाबलं की उजवीकडची. या पातीला फ्लिपर म्हणतात. गोळी उतारावरून खाली येते, तिला फ्लिपरने परत वर मारायचं. मधल्या फटीतून निसटली की गेली.

संक्रांतीला तो पुन्हा आला, तोवर उजवं बटण कामातून गेलं होतं. म्हणजे दाबलं की लागायचं, पण दाबून धरलं की मध्येच सुटायचं. गोळी उजव्या फ्लिपरवर नीट झेलून धरावी, श्वास घ्यावा, नेम धरावा, आणि फ्लिपर आपोआप खाली पडावा! मला महिनाभर वाटत होतं की माझंच बोट थरथरतंय. त्याने कंट्रोलर हातात घेतला, बटणं एकेक दाबून पाहिली आणि म्हणाला, "आजी, बाकीची सगळी नव्यासारखी आहेत. तू हे एकच खाल्लंस."

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे झिजलेली वस्तू पाहिली की मला राहवत नाही. उंबरा मधोमध का झिजतो, देवळाच्या पायरीला खळगा कोणत्या बाजूला पडतो, जात्याचा खुंटा कुठे गुळगुळीत होतो, यावर मी पूर्ण तास घेतलेला आहे. (माझे विद्यार्थी वाचत असतील तर त्यांना तो कंटाळवाणा तास आठवत असेल.) तर हे बटण कंट्रोलरच्या खांद्यावर आलं कधी, आणि त्याआधी हात काय करत होते, हे मी शोधत बसले. सापडलं ते लिहिते.

आमच्या पिढीला बॅगाटेल माहीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे माडीवर ती पाटी निघायची. कमानदार लाकडी फळी, त्यावर चुकांची कुंपणं, प्रत्येक कुंपणात आकडा, आणि उजव्या बाजूला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून छर्रा सोडला की आपलं काम संपलं. पुढे चुका आणि नशीब. त्या खेळाचं नाव पॅरिसजवळच्या बागातेल नावाच्या वाड्यावरून पडलं असं सांगतात. फ्रान्सच्या सोळाव्या लुईच्या धाकट्या भावाने, काउंट ऑफ आर्त्वाने, १७७७ साली वहिनीशी, म्हणजे राणी मारी आंत्वानेतशी, पैज लावून तो दोनेक महिन्यांत उभा केला होता. पण तेव्हा त्या खेळात काठीने गोळ्या ढकलत. स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट घेतलं माँटेग्यू रेडग्रेव्ह या मूळच्या इंग्रज माणसाने, अमेरिकेत सिनसिनाटीला, १८७१ साली. मामाच्या माडीवरचा दांडा तिथून आलेला.

१९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबने 'बॅफल बॉल' नावाचं, दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवता येईल एवढं यंत्र काढलं. मंदीचे दिवस, लोकांच्या हाताला काम नाही, आणि एका सेंटमध्ये काही गोळ्या मिळायच्या. पन्नास हजारांहून जास्त यंत्रं खपली. लक्षात घ्या, या यंत्राला बटणच नव्हतं. नाणं टाका, दांडा ओढा, बघत राहा. फार तर यंत्राला धक्का द्या. तोही बंद व्हावा म्हणून हॅरी विल्यम्सने 'टिल्ट'ची युक्ती काढली. यंत्र फार हललं की डाव रद्द.

आणि म्हणूनच सरकारं चिडली. खेळणाऱ्याच्या हातात काही नसेल तर तो जुगार, हे सरळ गणित. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला ग्वार्डिया यांनी १९४२ साली शहरात पिनबॉलवर बंदी आणली. शाळकरी पोरांच्या खिशातले पैसे हे यंत्र पळवतं, असं त्यांचं म्हणणं. पोलिसांनी हजारो यंत्रं जप्त केली, आणि महापौर स्वतः घण घेऊन ती फोडताहेत असे फोटो छापून आले. लॉस एंजेलिसमध्येही बंदी होती, आणि ज्या शिकागोत ही यंत्रं बनत त्या शिकागोतही!

मग १९४७ साली बटण आलं. गॉटलीबच्याच कंपनीत हॅरी मॅब्ज नावाच्या माणसाने 'हम्प्टी डम्प्टी' हे यंत्र काढलं. त्यात सहा फ्लिपर होते, दोन्ही कडांना तीन तीन, तोंडं बाहेरच्या बाजूला. पेटीच्या दोन्ही कुशींना एकेक बटण. पहिल्यांदाच सोडलेली गोळी परत मारता येऊ लागली. पुढल्याच वर्षी जेन्को कंपनीच्या स्टीव्ह कॉर्डेकने 'ट्रिपल ॲक्शन' या यंत्रात सहाऐवजी दोनच फ्लिपर ठेवले, आणि तेही अगदी खाली. आजही ते तिथेच आहेत. माझ्या टीव्हीवरसुद्धा.

त्या बटणाचं काम समजून घ्यायला मला दोन दुपारी लागल्या, पण ते फार सुंदर आहे. फ्लिपरच्या मुळाशी तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. खरं तर दोन वेटोळी, एक जाड तारेचं आणि एक बारीक तारेचं. बटण दाबलं की जाड तारेतून भरपूर वीज जाते, लोखंडी दांडा आत ओढला जातो आणि फ्लिपर फटकन वर येतो. तो पूर्ण वर आला की आतलं एक छोटं स्विच त्या दांड्यानेच उघडतं. मग वीज बारीक तारेतूनही जायला लागते आणि जोर एकदम कमी होतो, म्हणजे बटण दाबून धरलं तरी वेटोळं जळत नाही. मारायला ताकद जास्त, धरायला कमी. जुन्या यंत्रांत ही सगळी वीज बटणाआडच्या दोन धातूच्या पट्ट्यांमधूनच जायची. म्हणून त्यांची टोकं टंगस्टनची. प्रत्येक दाबाला बारीक ठिणगी पडायची, टोकांना खड्डे पडायचे, आणि कारागीर येऊन ती कानशीने घासून जायचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम्स कंपनीच्या यंत्रांत बटणाकडे फक्त निरोप द्यायचं काम राहिलं, ताकदीचं काम इलेक्ट्रॉनिक्सकडे गेलं, तेव्हा या ठिणग्या थांबल्या.

म्हणजे बटण झिजणं आजचं नाही. ते पहिल्या दिवसापासून झिजतंय.

फ्लिपर आले तरी न्यूयॉर्कची बंदी मात्र आणखी जवळजवळ तीस वर्षं टिकली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं. १९७६ साली न्यूयॉर्कच्या नगर परिषदेच्या समितीपुढे रॉजर शार्प नावाचा तरुण पत्रकार दोन यंत्रं घेऊन उभा राहिला. एक खेळायचं, एक बिघाड झाला तर असावं म्हणून. सभासदांपैकी एकाला शंका आली की पहिल्यात काही फिरवाफिरवी केली असेल, म्हणून त्याने दुसऱ्यावर खेळायला लावलं. शार्प खेळला, पण सभासदांच्या चेहऱ्यावर काही हलेना. शेवटी तो म्हणाला, आता मी दांडा असा ओढतो की गोळी वरच्या मधल्या वाटेनेच खाली जाईल. ओढला. गेली. बंदी उठली.

मजा बघा. फ्लिपरमुळे जो खेळ कौशल्याचा झाला, त्याची सुटका शेवटी झाली ती जुन्या दांड्याने.

ही हकिगत वाचली आणि मी चष्मा काढून बसले. १९८३ साल असेल. आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर एका मुलाने स्वतः केलेली बॅगाटेलची पाटी आणली होती. सुतारकामाच्या तासाला उरलेली फळी, चपलेचे खिळे, सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे, दांड्याला कुठल्याशा पेनातली स्प्रिंग. मधल्या सुट्टीत पाच पैशांवर डाव चालायचा. मी पाटी ताब्यात घेतली. तेव्हा तो मुलगा म्हणाला, "बाई, हा जुगार नाही. बघा, मी सांगून शंभरात घालतो." मी म्हटलं, "हात पुढे कर." दोन छड्या दिल्या आणि पाटी मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटावर ठेवली. तिथे ती कित्येक वर्षं होती. धूळ झटकायला शिपाई वर चढला की छर्रा घरंगळल्याचा आवाज यायचा. त्याला परत दिली नाही. त्याने मागितलीही नाही. तो सांगून शंभरात घालू शकत होता की नाही, हे मला माहीत नाही, कारण मी बघितलंच नाही. न्यूयॉर्कच्या त्या सभासदांनी निदान बघितलं होतं.

असो.

आता पडद्यावरचा पिनबॉल. इथे सगळ्यात मोठी अडचण हीच होती की पेटीला दोन कुशी असतात, दोन हात दोन बाजूंना पडतात, आणि घरच्या खेळाच्या कंट्रोलरला कूस कुठून आणायची? अटारीच्या २६०० या यंत्रावर १९८१ च्या सुमारास 'व्हिडिओ पिनबॉल' आला. त्या यंत्राच्या जॉयस्टिकला एक दांडी आणि एकच लाल बटण. मग काय केलं? दांडी डावीकडे ढकलली की डावा फ्लिपर, उजवीकडे ढकलली की उजवा, वर ढकलली की दोन्ही. खाली ओढली की स्प्रिंगचा दांडा ताणायचा, आणि लाल बटणाने गोळी सोडायची. यंत्राला धक्का द्यायचा तर बटण दाबून दांडी हलवायची. डोकं चालवलंय, पण दोन्ही फ्लिपर एकाच हातात! डाव्या-उजव्याचा सगळा झगडा एका मनगटात. पहिली झीज त्या दांडीला.

निंटेंडोने १९८४ मध्ये त्यांच्या फॅमिकॉमवर 'पिनबॉल' काढला. त्याचा प्रोग्रॅम लिहिण्यात सातोरू इवाता होते, जे पुढे २००२ मध्ये त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. या कंट्रोलरला डावीकडे गुनपेई योकोईंनी शोधलेलं अधिक चिन्हासारखं बटण आणि उजवीकडे दोन बटणं. त्यामुळे डावा फ्लिपर डाव्या अंगठ्याला, उजवा उजव्या अंगठ्याला. हात दोन झाले, पण बोटांचं काम अंगठ्याकडे गेलं. पहिल्या फॅमिकॉमची ही उजवीकडची बटणं चौकोनी आणि रबराची होती; ती दाबली की कडेला अडकून बसायची, म्हणून नंतर ती गोल आणि कडक प्लास्टिकची केली. १९९० च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम मिळायचे, ते बहुतेक या फॅमिकॉमच्याच नकला. तुमच्यापैकी ज्यांची मुलं तेव्हा दहा-बारा वर्षांची होती, त्यांच्या माळ्यावर एखादा असेल. उघडून बघा. टीव्हीच्या रिमोटसारखंच असतं: खाली तांब्याच्या रेघांची हिरवी पट्टी, वर रबराची टोपी, टोपीच्या पोटात काळी कार्बनची टिकली. टिकली रेघांवर टेकली की काम झालं. टिकली झिजली, घामाचा थर बसला किंवा रबर चिरलं की "जोरात दाब म्हणजे लागतं" सुरू. रिमोटचं जे रडगाणं घरोघरी आहे तेच.

खांदे आले १९९० मध्ये, सुपर फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर. वरच्या कडेला डावं आणि उजवं अशी दोन बटणं, तर्जनीखाली येतील अशी. १९९४ च्या प्लेस्टेशनवर ती चार झाली. पिनबॉलसाठी काढलेली नव्हती ती, पण पेटीच्या कुशी पुन्हा सापडल्या! पन्नाशीतल्या यंत्रापुढे उभा असलेला माणूस जी बोटं वापरायचा तीच बोटं परत कामाला लागली.

मधे एक कीबोर्डचा अध्याय आहे, आणि त्यात मी स्वतः आहे. २००४ मध्ये चिरंजीवांनी घरी संगणक घेतला. त्यात विंडोज एक्सपी, आणि एक्सपीत अंतराळयानाचा तो पिनबॉल. तो टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या सिनेमॅट्रॉनिक्सने केलेला, १९९५ मध्ये विंडोजच्या 'प्लस!' या वेगळ्या पॅकबरोबर आलेला. डावा फ्लिपर झेडच्या कळीवर, उजवा तिरक्या रेघेच्या कळीवर, गोळी सोडायला स्पेसबार. खालच्या ओळीची दोन टोकं, म्हणजे कीबोर्डच्या कुशीच म्हणा. मी तेव्हा नुकतीच इन्स्क्रिप्टने मराठी टंकायला शिकले होते. त्या मांडणीत झेडवर एक अशी मात्रा आहे जी मराठीला लागतच नाही, त्यामुळे डावी कळ झिजली तरी माझं काही बिघडलं नाही. पण तिरक्या रेघेवर 'य' आहे! वर्षभरात 'य' लागेना. धाकट्या भावाला पत्र लिहिलं, "काय म्हणतोस?" गेलं ते "का म्हणतोस?" त्याचा रात्री फोन. "अक्का, मी काय म्हणालो?"

विंडोज व्हिस्टापासून तो खेळ गेला. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी पुढे सांगितलं की ६४ बिटच्या यंत्रासाठी तो नव्याने बसवताना गोळी भुतासारखी सगळ्यातून आरपार जायला लागली, आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये चूक कुठे आहे ते कोणाला सापडेना. म्हणून सोडून दिला.

तर आता माझ्या कंट्रोलरच्या खांद्यावर एकेका बाजूला दोन दोन बटणं आहेत आणि फ्लिपर कुठल्याला द्यायचा ते आपण ठरवू शकतो. वरचं बटण छोटं, टिक असा आवाज करणारं. आत धातूची इवलीशी घुमटी असते, ती दबून पलटते. प्रवास कमी, म्हणून लगेच लागतं. खालचं बंदुकीच्या चापासारखं, लांब ओढायचं. ते किती दाबलंय हेसुद्धा यंत्राला कळतं, कारण मोटारींच्या खेळात त्याचा ॲक्सिलरेटर होतो. पिनबॉलला याचा उपयोग शून्य. उलट चाप अर्ध्यात पोचेपर्यंत गोळी पुढे गेलेली. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं सरकतात, म्हणजे एकेक चित्र सतरा मिलिसेकंदांचंही नाही. एवढ्या फरकाने गोळी फ्लिपरच्या टोकावरून जाते की बुडावरून, हे ठरतं. नातू मात्र चापच वापरतो. त्याचं म्हणणं, घुमटी लवकर मरते, चाप मरत नाही. त्याचं खरं असेल. पण माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा धरलेला आहे, डॉक्टरांनी अंगठा कमी वापरायला सांगितलाय, आणि चाप ओढताना कंट्रोलर अंगठ्यानेच आवळून धरावा लागतो. वरचं बटण तर्जनीच्या नुसत्या टेकण्याने लागतं. त्यामुळे माझी निवड झीज बघून नाही, सांधा बघून झालेली आहे. कंट्रोलर नवा मिळतो.

(हाताच्या झिजेचं कोणी मनावर घेतलं नाही असं मात्र नाही. निंटेंडोच्या 'मारिओ पार्टी'त छोटी दांडी गरगर फिरवावी लागायची, आणि मुलं ती तळव्याने फिरवून कातडी सोलून घ्यायची. २००० साली न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांशी तडजोड होऊन कंपनीने मुलांना हातमोजे द्यायचं कबूल केलं. पुन्हा न्यूयॉर्कच!)

उजवंच का गेलं, डावं का नाही? नातवाने मला पाच मिनिटं खेळायला लावलं आणि नुसता बघत बसला. मग म्हणाला, "आजी, तू गोळी कुठेही असली तरी उजवं दाबतेस. आणि घाबरलीस की दोन्ही." मला पटेना, म्हणून त्याने मोबाइलवर चित्रण करून दाखवलं. गोळी पार वर खेळतेय, आणि माझं उजवं बोट खाली टिक टिक टिक. मग त्याने त्याचा खेळ दाखवला. गोळी खाली आली, त्याने काहीच केलं नाही. फ्लिपर खालीच. गोळी त्याच्यावर आपटून टुणकन उडाली आणि अलगद दुसऱ्या फ्लिपरवर जाऊन बसली. मग एकदाच टिक. मी मारते त्याच्या निम्म्या वेळाही तो मारत नाही, आणि माझ्या दहापट गुण.

स्विच बदलून आणलं. कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने कंट्रोलर उलटापालटा करून पाहिला, डब्यातून तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं स्विच काढलं आणि तिथल्या तिथे डाग देऊन बसवलं. "कोण खेळतं, काकू?" म्हणाला. मी म्हटलं, नातू.

उजवं बटण आता डाव्यापेक्षा जरा कडक लागतंय. काल दुपारी गोळी चार वेळा फ्लिपर न हलवता झेलली आणि तीन वेळा घालवली. आज पुन्हा बसणार आहे.